विद्यार्थी थरारपटाचा लक्ष्य प्रेक्षक नेमका कसा शोधावा?

पहिला_कट

नमस्कार. चित्रपटनिर्मितीच्या अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षाचे आम्ही चौघे विद्यार्थी मिळून सुमारे १२ मिनिटांचा एक थरारपट करत आहोत. कथासूत्र असे की, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत एकटीच बसणाऱ्या एका मुलीला स्वतःच्या वहीत काही नोंदी सापडतात. अक्षर तिचेच आहे, पण लिहिल्याचे तिला आठवत नाही, आणि प्रत्येक नोंदीवर दुसऱ्या दिवसाची तारीख घातलेली आहे. पटकथेचा तिसरा खर्डा पूर्ण झाला असून चित्रीकरणाला पाच आठवडे उरले आहेत.

प्रकल्पाचा भाग म्हणून आम्हाला लक्ष्य प्रेक्षकाचे संशोधनही सादर करायचे आहे. त्यासाठी आम्ही दहा प्रश्नांची ऑनलाइन प्रश्नावली तयार केली आणि ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरवली. ६४ उत्तरे आली. त्यांतील ५१ जण १८ ते २२ या वयोगटातले होते, ५८ जणांनी थरारपट आवडतात असे सांगितले, आणि ‘थरारपटात तुम्हाला काय महत्त्वाचे वाटते?’ या प्रश्नाला ‘अनपेक्षित शेवट’ आणि ‘पार्श्वसंगीत’ या पर्यायांना सर्वाधिक मते पडली. आम्ही रंगीत आलेख काढले, ‘आमचा लक्ष्य प्रेक्षक म्हणजे १५ ते २५ वयोगटातील तरुण-तरुणी’ असा निष्कर्ष लिहिला आणि मार्गदर्शकांना दाखवला. त्यांनी सगळे शांतपणे वाचले आणि एवढेच विचारले, ‘या उत्तरांमुळे तुमच्या पटकथेतली कोणती गोष्ट बदलली?’ आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण काहीच बदलले नव्हते.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. पाच आठवड्यांत, पदरचे फारसे काही खर्च न करता, चौघांना झेपेल असे कोणते संशोधन करावे, जे खरोखर चित्रपटाच्या उपयोगी पडेल? शिवाय आमच्यात एका मुद्द्यावर मतभेद आहे. नोंदी कोण लिहिते हे प्रेक्षकाला चौथ्या मिनिटाला कळू द्यावे असे दोघांचे म्हणणे आहे, तर शेवटपर्यंत लपवून ठेवावे असे आम्हा दोघींना वाटते. असा प्रश्न प्रेक्षकांना विचारून सुटतो का, की तो दिग्दर्शकानेच सोडवायचा असतो?

संकलनाचे_टेबल

तुमच्या मार्गदर्शकांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी बरीच वर्षे लघुपटांचे संकलन करतो आणि त्यांत विद्यार्थ्यांचे चित्रपट पुष्कळ असतात. संशोधनाचे प्रकरण अहवालात नेटके बसलेले असते, पण टेबलावर येणाऱ्या दृश्यांत त्याचा मागमूस नसतो, हे मी वारंवार पाहिले आहे आणि दर वेळी हळहळ वाटते.

‘१५ ते २५’ हे प्रेक्षकाचे वर्णन नव्हे, तो जनगणनेतला रकाना आहे. पंधरा वर्षांची मुलगी आणि नोकरी करणारा पंचवीस वर्षांचा तरुण यांच्यात वयोगटाच्या पलीकडे समान काय आहे? तुमच्या कथेचा गाभा मला वयात दिसत नाही, तो एका अनुभवात दिसतो. परीक्षेच्या धास्तीने ज्याने रात्री जागून काढल्या आहेत, झोप आणि जाग यांची सीमा पुसट झाल्यावर आदल्या रात्री लिहिलेले पान सकाळी ज्याला परके वाटले आहे, तो तुमचा पहिला प्रेक्षक. हा माणूस विसाव्या वर्षी भेटेल तसा चाळिसाव्या वर्षीही भेटेल. वय लिहा, अहवालाला ते लागतेच, पण आधी अनुभव लिहा आणि मग त्या अनुभवाचे लोक कोणत्या वयात अधिक सापडतात ते पाहा.

दुसरा निकष म्हणजे या प्रकाराशी असलेला परिचय. ज्याने थरारपट भरपूर पाहिले आहेत तो तुमचे कथासूत्र ऐकताच म्हणेल, ‘ती झोपेत स्वतःच लिहीत असणार.’ मीही वाचताक्षणी तेच म्हटले. ही सगळ्यांचीच पहिली अटकळ असेल, तर तिच्याशी काय करायचे हा तुमच्यापुढचा सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही आलेखातून मिळणार नाही. त्यासाठी एक साधा उपाय करा. दहा जणांना वेगवेगळे बसवून पटकथेची पहिली चार पाने वाचून दाखवा, मग थांबा आणि विचारा, ‘पुढे काय होईल असे वाटते?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, मध्ये सुचवू नका. दहापैकी आठ जणांनी एकच अटकळ बांधली, तर तुमचा ‘अनपेक्षित शेवट’ अपेक्षित आहे हे चित्रीकरणाच्या आधीच कळेल.

तिसरी बाब बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे चित्रपट कुठे पाहिला जाणार. विद्यार्थी लघुपट सभागृहात एकदा-दोनदा दाखवला जातो, महोत्सवाच्या निवड समितीतला माणूस तो लॅपटॉपवर पाहतो, आणि बाकी सगळे फोनवर पाहतात. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्जातला आवाज जवळपास ऐकूच येत नाही. थरारपटात धोका सूचित करण्यासाठी आपण जी खोल घुमणारी गुणगुण वापरतो, ती तिथे नाहीशी होते आणि प्रसंग कोरडा पडतो. तुमचे प्रेक्षक रात्री इअरफोन लावून पाहतात की जेवताना फोन टेकवून ठेवून पाहतात, हे विचारले तर ध्वनिसंयोजनाचा एक निर्णय तिथेच होईल. रात्रीच्या अंधाऱ्या दृश्यांचेही तेच. उजेडात धरलेल्या फोनवर ती नुसती काळी दिसतात.

तुमच्या चित्रपटात तर वहीची पाने वाचली जाणे अत्यावश्यक आहे, म्हणून एक अनुभव सांगतो. एका विद्यार्थी लघुपटात चिठ्ठीचा एक शॉट होता. चिठ्ठीवर अकरा शब्द होते आणि शॉट दोन सेकंदांचा होता. दिग्दर्शिकेला मजकूर पाठ असल्यामुळे दोन सेकंद तिला भरपूर वाटत होते, आणि पन्नास वेळा पाहून मलाही वाटू लागले होते. सात नवख्या प्रेक्षकांना दाखवल्यावर पाच जणांना चिठ्ठीत काय होते ते सांगता आले नाही, आणि त्यांतील तिघांना ते कबूल करायचाही संकोच वाटला. शॉट लांबवला असता तर प्रसंगाची गती गेली असती. शेवटी चिठ्ठी पुन्हा चित्रित केली आणि त्यावर चारच शब्द ठेवले. हे चित्रीकरणाआधी समजले असते तर एक दिवस वाचला असता.

आता तुमच्यातल्या मतभेदाविषयी. १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी धक्का आणि उत्कंठा यांतला भेद टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावला आहे. प्रेक्षकाला ठाऊक नसताना बॉम्ब फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब ठेवलेला आहे आणि तो केव्हा फुटणार हे प्रेक्षकाला ठाऊक असेल, तर टेबलाशी चाललेल्या निरर्थक गप्पांतूनही पंधरा मिनिटांची उत्कंठा निर्माण होते. तुम्ही दोघी धक्क्याच्या बाजूने आहात, ते दोघे उत्कंठेच्या बाजूने. यांपैकी काय हवे, हे प्रेक्षकांना विचारू नका. ते त्यांचे काम नाही. दोन्ही रूपे करून दाखवा आणि कुठे ते गुंततात, कुठे सुटतात ते पाहा. चित्रकथेच्या चौकटी क्रमाने लावून, वर संवाद तुमच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून बारा मिनिटांचे कच्चे रूप एका शनिवार-रविवारात तयार होते. एका गटाला पहिले रूप दाखवा, दुसऱ्याला दुसरे. एकाच माणसाला दोन्ही दाखवलीत तर दुसऱ्या वेळी त्याच्याकडे रहस्यच उरलेले नसेल.

नमुना_आणि_निवड

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी सामाजिक संशोधनाच्या पद्धती शिकवते, म्हणून प्रश्नावलीपुरते लिहिते.

६४ उत्तरे ही संख्या लहान आहे, पण खरी अडचण संख्येत नसून ती उत्तरे कुठून आली यात आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण १९३६ सालचे आहे. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि त्यांतील २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून त्यांनी रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून आले. पत्ते घेतले होते दूरध्वनीच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदी यांतून, म्हणजे मंदीच्या काळातही ज्यांच्याकडे या वस्तू होत्या त्यांचे. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवण्याची तसदी घेतली ते लोकही न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण काळजीपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून बरोबर अंदाज बांधला. पुढे याच गॅलप यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओंसाठी प्रेक्षक-संशोधन केले, हा योगायोग तुमच्या विषयाला जोडून आहे.

तुमच्या बाबतीत हेच घडले आहे. प्रश्नावली तुमच्या गटांवर फिरली, म्हणून उत्तरे तुमच्या वयाच्या लोकांची आली. आणि ‘थरारपटाविषयी प्रश्नावली’ असे शीर्षक वाचून ती उघडणारे बहुधा थरारपटाचे चाहतेच असणार. त्यामुळे ‘५१ जण १८ ते २२ वयाचे’ या आकड्यातून तुमच्या फोनमधली संपर्कयादी कळते, प्रेक्षक कळत नाही. पूर्णपणे यादृच्छिक रीतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निवडलेल्या ६४ जणांच्या पाहणीतसुद्धा टक्केवारीत दोन्ही बाजूंना सुमारे १२ टक्क्यांपर्यंत चूक धरावी लागते. तुमचा नमुना यादृच्छिक नसल्याने तेवढेही म्हणता येत नाही. म्हणून अहवालात टक्के लिहू नका, ‘६४ पैकी इतके’ असे लिहा आणि नमुना कसा मिळाला ते एका वाक्यात प्रांजळपणे सांगा. परीक्षकाला ते प्रांजळपण रंगीत आलेखांपेक्षा अधिक पटेल.

प्रश्नांची घडणही बदलायला हवी. ‘तुम्हाला थरारपट आवडतात का?’ याला नाही म्हणायला काहीच कारण नसते, त्यामुळे होकाराला किंमत नाही. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टीविषयी विचारा: शेवटचा थरारपट केव्हा पाहिला, कुठल्या पडद्यावर, कोणाबरोबर, शेवटपर्यंत पाहिला की मध्येच सोडला, आणि सोडला असेल तर कुठे. माणूस आपल्या आवडीविषयी आपल्याला शोभेल असे बोलतो, पण गेल्या आठवड्यात काय केले हे सांगताना बऱ्यापैकी खरे बोलतो. ‘भीतीदायक संगीताने उत्कंठा वाढते असे तुम्हाला वाटते का?’ यासारखा, उत्तर पोटात घेऊन आलेला प्रश्न सरळ काढून टाका. १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट यांनी मांडलेली सहमतीची पाच पायऱ्यांची श्रेणी सगळेच वापरतात, तुम्हीही वापरा, परंतु ती मते मोजण्यासाठी आहे. मत का बनले ते त्यातून कळणार नाही.

ते ‘का’ कळण्यासाठी मुलाखती घ्या. अर्ध्या तासाच्या आठ-दहा मुलाखती तुमच्या कामाला पुरतील, मात्र माणसे निवडून घ्या: थरारपट भरपूर पाहणारे काही, क्वचित पाहणारे काही आणि मुद्दाम टाळणारे निदान दोघे. टाळणारे अनेकदा सर्वांत उपयोगी बोलतात, कारण नेमके काय सहन होत नाही हे त्यांना ठाऊक असते. जमल्यास या मुलाखती तुमच्या ओळखीच्या नसलेल्यांच्या घ्या. मैत्रिणीच्या मैत्रिणीची ओळख इथे चालते.

सिद्धान्तांविषयी थोडेच लिहिते. अहवालात ब्लमलर आणि कॅट्झ यांच्या १९७४ च्या ग्रंथातली ‘प्रेक्षक माध्यमाकडून काय मिळवतो’ ही मांडणी आणि स्टुअर्ट हॉल यांची १९७३ ची ‘संदेश घडवणे आणि उलगडणे’ ही मांडणी (एकाच संदेशाचा अर्थ वेगवेगळे प्रेक्षक वेगवेगळा लावू शकतात) बहुतेक जण उद्धृत करतात. उद्धृत करायला हरकत नाही, पण मग तुमच्या एखाद्या मुलाखतीतल्या उत्तराशी ती जोडून दाखवा. मुलीला जी नोंद धमकी वाटते तीच एखाद्या प्रेक्षकाला तिच्या आजाराचे लक्षण वाटली, तर हॉल यांचे नाव तिथे शोभेल.

आणि परवानगीचे विसरू नका. मुलाखत ध्वनिमुद्रित करण्याआधी लेखी संमती घ्यावी, नावे अहवालात देऊ नयेत, आणि १८ वर्षांखालच्या कोणालाही सामील करायचे असेल तर पालकांची संमती हवीच. कथेत मानसिक त्रासाचा भाग असेल तर दाखवण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगावे.

मागच्या_बाकावरून

मी गेल्या वर्षी याच टप्प्यातून गेलो, म्हणून आमची चूक सांगतो. ती तुमच्याकडून होऊ नये असे मनापासून वाटते.

आम्ही कच्च्या संकलनाचा चाचणी खेळ केला तेव्हा आम्ही पाचही जण त्याच खोलीत बसलो होतो. खेळ संपल्यावर पहिल्याच प्रेक्षकाने विचारले, ‘तो माणूस परत का आला?’ आणि आमच्या दिग्दर्शकाने लगेच पाच मिनिटे समजावून सांगितले. त्यानंतरच्या प्रत्येकाने ‘छान वाटले’ एवढेच म्हटले. खरे तर त्या पहिल्या प्रश्नातच आमच्या चित्रपटाचा मुख्य दोष होता, आणि आम्ही तो ऐकण्याऐवजी त्याचे उत्तर दिले.

दुसऱ्या खेळाला आम्ही बाहेर थांबलो. चर्चा घ्यायला दुसऱ्या तुकडीतल्या एका मैत्रिणीला बसवले, आणि प्रेक्षकांच्या परवानगीने त्यांच्या चेहऱ्यांकडे तोंड करून एक फोन ठेवला. चित्रपटाच्या वेळेशी ते चित्रण जुळवून पाहताना जे दिसले ते कोणत्याही प्रश्नावलीत आले नसते. पाठलागाच्या प्रसंगात, ज्याचा आम्हाला सर्वांत अभिमान होता, सहापैकी चौघांनी खुर्चीत बसण्याची ढब बदलली आणि एकीने घड्याळ पाहिले. त्याउलट नायिका कुलपात किल्ली घालते आणि ती फिरत नाही, त्या साध्या शॉटला सगळे एकदम निश्चल झाले होते. एकाचा हात वेफरच्या पुड्यात होता तो तसाच राहिला. आम्ही पाठलाग जवळपास निम्म्यावर आणला आणि किल्लीचा शॉट वाढवला.

पहिला_कट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण आता सांगण्यासारखे काही हाती आले आहे.

आम्ही नऊ जणांना पहिली चार पाने वाचून दाखवली. सात जणांनी ‘ती स्वतःच लिहीत असणार’ असे सांगितले, आणि त्यांतील पाच जणांनी दुसऱ्या पानावरच सांगितले. म्हणजे आम्हा दोघींना जे शेवटपर्यंत लपवायचे होते ते लपलेलेच नव्हते. त्यानंतर चौकटींची दोन कच्ची रूपे करून सहा-सहा जणांना दाखवली. चौथ्या मिनिटाला उलगडा होणाऱ्या रूपात, पुढच्या नोंदीत काय लिहिलेले असेल या विचाराने लोक वहीकडे डोळे लावून बसले होते. लपवलेल्या रूपात मात्र चौघांनी शेवटी ‘वाटलेच होते’ असे म्हटले. मतभेद संपला, आता आम्ही उलगडा चौथ्या मिनिटाला करतो आहोत, आणि त्यानंतरचा प्रश्न ‘कोण लिहिते’ हा न राहता ‘उद्याच्या पानावर काय आहे’ हा झाला आहे. लक्ष्य प्रेक्षकाचे वर्णनही बदलले: परीक्षेच्या किंवा कामाच्या ताणाखाली दीर्घ जागरणे केलेले, थरारपटाशी परिचित असलेले, रात्री एकट्याने फोनवर इअरफोन लावून पाहणारे, मुख्यतः १८ ते २६ वयाचे प्रेक्षक. मुलाखती दिलेल्या दहांपैकी आठ जण रात्री इअरफोन लावूनच पाहतात, त्यामुळे पानांची सळसळ आणि पेनाचा कागदावरचा आवाज यांवर आम्ही ध्वनीची बांधणी करणार आहोत.

एक अडचण उरली आहे. दोन्ही गटांतल्या बऱ्याच जणांनी सुचवले की मुलीला डॉक्टरांकडे गेलेली दाखवा, म्हणजे तिला काय झाले आहे ते स्पष्ट होईल. आम्हाला तो प्रसंग कथेत नको आहे. प्रेक्षकांचे ऐकायचे ठरवले आहे, तर मग हे नाकारणे कितपत योग्य?

संकलनाचे_टेबल

तुमचे काम वाचून फार समाधान वाटले. सात जणांनी अटकळ बांधली हे पाहूनही तुम्ही ते स्वीकारलेत, ही गोष्ट सोपी नाही. अनुभवी लोकही तिथे अडतात.

डॉक्टरांच्या प्रसंगाबद्दल: कुठे खटकले हे प्रेक्षक अचूक सांगतो, पण त्यावर तो जो उपाय सुचवतो तो त्याने पाहिलेल्या इतर चित्रपटांतून आलेला असतो. तेव्हा उपाय बाजूला ठेवा आणि खटकण्याची जागा शोधा. ज्यांनी डॉक्टर सुचवले त्यांना पुन्हा गाठून विचारा की, स्पष्टीकरण हवे असे त्यांना कोणत्या क्षणी वाटू लागले. माझा अंदाज असा की, उलगड्यानंतर मुलगी स्वतः काहीच करत नाही, ती नुसती घाबरते, आणि कोणीतरी काहीतरी करावे म्हणून प्रेक्षक डॉक्टरला बोलावतो आहे. तसे असेल तर तिलाच काहीतरी करू द्या: तिने वही कुलपात ठेवावी, हात बांधून झोपावे, किंवा नोंदीला उत्तर लिहावे. अंदाज चुकीचाही ठरेल, म्हणून आधी त्यांना विचाराच.

अहवालात हा सगळा प्रवास लिहा, डॉक्टरांची सूचना का नाकारली त्यासकट. आणि चित्रीकरणाला जे दोन आठवडे उरले आहेत त्यांत एक काम नक्की करा. चित्रपटात वापरणार ती वही, ती शाई आणि अभिनेत्रीचे अक्षर घेऊन प्रत्येक नोंदीचा शॉट रात्रीच्या प्रकाशयोजनेत घ्या, फोनवर टाका आणि कथा ठाऊक नसलेल्या पाच जणांना एकदाच दाखवून काय वाचले ते लिहून घ्या. तारीख सर्वांना दिसायलाच हवी. ती पानाच्या कोपऱ्यात असेल तर ओळीच्या सुरुवातीला आणा, कारण नजर आधी तिथेच जाते.